दिलं, घेतलं

सुबूच्या, म्हणजे बाळाच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याच्या सकाळी बासिमच्या आईने, इनायातने, दाराबाहेर भेटीच्या वेळेचा कागद डकवला, दुपारी चार ते सहा. रदवाची आई कवसर मात्र दमियातहून मशब्बक मिठाईचा खोका मांडीवर धरून पहिल्याच गाडीने आली होती आणि त्या वेळेत कुठेच बसत नव्हती.

"उम्म बासिम, मी भेटायला नाही आले. मी बाळाची आजी आहे."

"आजी आहात म्हणूनच समजावून सांगतेय, उम्म रदवा. दुसऱ्या कुणाला मी नुसता कागद दाखवला असता. आत पेशंट झोपलाय."

"पेशंट? माझी मुलगी बाळंत झालीय. तिला काय गोवर झालाय?"

 इनायातने कवसरच्या पायांकडे बघितलं. कवसरने मुकाट्याने चपला काढल्या, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर खोका घेऊन बसली. सोफ्याची चादर चारी कोपऱ्यांना इतकी ताणून खोचलेली होती की तिला नीट टेकताही येईना. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या पगाराची चौकशी केली आणि त्याच्या आईची करायची राहून गेली, असं तिच्या मनात आलं. हे तिच्या मनात या आठवड्यात पहिल्यांदाच आलं नव्हतं.

मनसूरातल्या सरकारी इस्पितळात इनायात सर्जिकल वॉर्डची मुख्य नर्स होती. मोठमोठे सर्जन तिला 'मिस इनायात' म्हणत आणि बूट पुसून वॉर्डात येत. ती निवृत्त झाली ती फक्त सरकारच्या लेखी. तिच्या आईने, नफीसा आजीने, बांधलेल्या या इमारतीत मधला मजला तिचा, तळमजला मधल्या बहिणीचा, म्हणजे तहानीचा, आणि सगळ्यात वरचा धाकट्या सोहैरचा. तहानी प्रसूतिगृहात, सोहैर मनोरुग्णालयात. नफीसा आजी स्वतः सुईण, त्यामुळे तीनही मुली नर्स झाल्या याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते रदवाला, ज्या दिवशी ती बाळाला घेऊन या घरी परतली आणि फ्रीजवर तिला पाळ्यांचा तक्ता दिसला. सकाळ तहानीची, दुपार सोहैरची, रात्र इनायातची. खाली बासिमचं नाव होतं, त्यापुढे 'सामानसुमान आणि कचरा'. बाळाचा बाप असून त्याला वॉर्डबॉयची जागा मिळाली होती आणि तो खूश होता, कारण कचरा टाकायला गेलं की सिगारेट ओढता येई.

या घरातला सगळ्यात कडक नियम बाळ एकीकडून दुसरीकडे देण्याचा होता. देणारीने म्हणायचं "दिलं." घेणारीने म्हणायचं "घेतलं." जोवर "घेतलं" ऐकू येत नाही, तोवर जबाबदारी देणारीची. हा नियम इनायातने तीस वर्षं वॉर्डात चालवला आणि त्या तीस वर्षांत एकही पेशंट हरवला नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

"आणि औषधाच्या कपाटाची किल्ली?" तहानी विचारायची.

"ती किल्ली सापडली होती," इनायात म्हणायची.

*

रदवा भूगोल शिकवायची. नद्या कुठे उगम पावतात हे तिला पाठ होतं, पण आपले डोळे कुठून भरून येतात ते तिला कळत नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी रडू यायचं. बासिमने पडदा लावला तरी यायचं, उघडला तरी यायचं. आणि रडायचीही चोरी होती. तहानीमावशीच्या देखत रडलं तर ती म्हणे, "दूध नीट उतरलं नसणार," आणि छातीला हात घाली. इनायातच्या देखत रडलं तर ती थर्मामीटर आणी. सोहैरमावशीच्या देखत रडायची तर रदवाला भीतीच वाटायची, कारण सोहैरमावशी काहीच म्हणत नसे. ती हळूच खुर्ची ओढून समोर बसायची आणि मऊ आवाजात विचारायची, "हं, मग कसं वाटतंय?" तो आवाज ऐकला की रदवाला मनोरुग्णालयाची पिवळी भिंत दिसू लागे. मग ती घाईघाईने म्हणायची, "छान वाटतंय, मावशी. फार छान."

खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आठवडाभरात बाळ तिच्याकडे आलं ते फक्त दूध प्यायला. पिऊन झालं की कुणीतरी "घेतलं" म्हणे आणि बाळ जाई. ढेकर काढायला एक, आंघोळीला दुसरी, झोपवायला तिसरी. सगळ्या जणी तिच्या आरामासाठीच करत होत्या, म्हणून तक्रार करायलाही तोंड नव्हतं. पण परवा बाळ रडलं, तहानीमावशीने उचललं आणि ते गप्प झालं, तेव्हा रदवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हिला मी ओळखीची तरी आहे का? का हिच्या लेखी मी नुसती दुधाची पाळी आहे?

आज सुबू. आज पाहुणे येणार, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जाणार. त्याआधी आपल्या बाळाला एकदा, कुणी बघत नसताना, विनाकारण कडेवर घ्यायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

*

चार वाजले आणि घर भरलं.

तहानीने स्वयंपाकघरात मुगातचं पातेलं चढवलं होतं. तूप, दाणे, तीळ घालून केलेलं हे गरम पेय खरं तर बाळंतिणीसाठी, पण सुबूला येणारी प्रत्येक बाई आपण कालच बाळंत झाल्यासारखी दोन-दोन पेले पिते. सोहैर चमचे वाटत होती. तिच्या वॉर्डात जेवण झाल्यावर चमचे-सुऱ्या मोजून कपाटात टाकतात, तेव्हाच दार उघडतं. आता सवय हाडात मुरलेली. गेल्या वर्षी एका चमच्यापायी तिने शेजारच्या काकूंना दारात अडवून पर्स उघडायला लावली होती. चमचा पर्समध्येच निघाला हा भाग निराळा.

दिवाणखान्यात टेबलावर चार मेणबत्त्या उभ्या होत्या, प्रत्येकीला एका नावाची चिठ्ठी. जी मेणबत्ती शेवटपर्यंत जळेल, ते बाळाचं नाव. वरवर हा सगळा खेळ अल्लाच्या हातात होता. इनायातची मेणबत्ती 'नफीसा' नावाची, आणि ती वीज गेल्यावर इस्पितळात लावायच्या साठ्यातली मनगटाएवढी जाड. तहानीने 'मलक' नावाची मेणबत्ती रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती, म्हणजे ती सावकाश वितळेल. सोहैरची 'सकीना' साधीच होती, पण ती येताजाता इतरांच्या मेणबत्त्यांजवळ फार खोल श्वास सोडत होती. चौथी कवसरची, 'फिरदौस', वाटेत गाडीत वाकडी झालेली.

"ताई, ही काय मेणबत्ती आहे की विजेचा खांब?" तहानीने विचारलं.

"तुझ्या मेणबत्तीला घाम का फुटलाय ते आधी सांग," इनायात म्हणाली.

"भांडू नका," सोहैर मऊ आवाजात म्हणाली. "दोघींच्या भावना मी समजू शकते."

"तू आमच्या भावना समजू नकोस, चमचे मोज," दोघी एकदम म्हणाल्या. मेणबत्त्यांच्या बाबतीत भांडणाऱ्या बहिणी सोहैरच्या विरुद्ध मात्र तत्काळ एक होतात, हे या घरात नेहमीचंच आहे.

खलबत्ता कुणी कुटायचा यावरूनही सकाळी वाद झाला होता. बाळाला चाळणीत ठेवून कानाशी पितळी खलबत्ता वाजवायचा आणि कुणाचं ऐकायचं, कुणाचं नाही, ते त्याला बजावायचं. हा मान बापाच्या आईचा. बाळ काय-काय ऐकणार आहे याची इनायातने मनाशी उजळणीही केली होती. सगळ्यात आधी आजीचं.

बाळ पाळण्यात होतं. तहानीची सकाळची पाळी आज लांबली होती आणि मुगात उतू जात होतं. तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "सोहैर, बाळ दिलं!" सोहैर त्या वेळी एका पाहुणीच्या घटस्फोटाची कहाणी ऐकत होती. मान डोलावता डोलावता तिच्या तोंडून सवयीने निघालं, "घेतलं." थोड्या वेळाने चमच्यांची आठवण होऊन ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, बाळ दिलं." इनायात मेणबत्त्या पेटवत होती. नफीसाची वात काही केल्या धरत नव्हती. वर न बघता ती म्हणाली, "घेतलं."

तिघींनी नियम अक्षरशः पाळला होता. बाळाला मात्र कुणाचा हातही लागला नव्हता.

रदवा दारात उभी राहून हे बघत होती. ती पाळण्याशी गेली आणि बाळाला उचललं. कुणी आडवं आलं नाही. "मी घेते हं हिला," ती म्हणालीही. पण तिचं नाव तक्त्यात नव्हतं, त्यामुळे कुणाचे कान तिकडे वळले नाहीत. टेबलावरून तिने मशब्बकचा एक तुकडा घेतला आणि दारातून निघून जिना चढू लागली.

*

"आणा बाळाला," इनायात चाळण हातात घेऊन म्हणाली.

कुणीच आणलं नाही.

"सोहैर, बाळ आण."

"मी तुला दिलं ना, ताई."

"मला?"

"तू 'घेतलं' म्हणालीस."

"मी मेणबत्ती घेतली!"

"म्हणजे माझ्याकडून कुणी घेतलंच नाही?" तहानी पळी घेऊन बाहेर आली. "सोहैर, तू 'घेतलं' म्हणालीस मला!"

तिघी पाळण्यापाशी धावल्या. पाळण्यात दुपटं होतं, उशी होती, निळा मणी होता. तहानीने दुपटं झटकून बघितलं, जणू बाळ घडीत राहिलं असावं.

मग इनायातमधली मिस इनायात जागी झाली. "दार बंद करा! कुणी घराबाहेर जायचं नाही. बासिम, दारात उभा राहा. पाहुण्यांनी हात वर करा."

"हात वर कशाला, आई?"

"कुणाच्या हातात बाळ आहे ते दिसायला!"

पाहुण्या हात वर करून उभ्या राहिल्या, काहींच्या हातात मुगातचे पेले. तहानी धुण्याच्या टोपलीत शोधत होती, मग भेटवस्तूंच्या ढिगात, मग, कशी कोण जाणे, ओव्हनमध्ये. सोहैर प्रत्येकीला सांगत होती, "श्वास घ्या, हळू सोडा, घाबरायचं काही कारण नाही." तिचा स्वतःचा श्वास मात्र कुठल्या कुठे हरवला होता.

कवसर या सगळ्यात एकटीच सोफ्यावर बसलेली. आठवडाभर फोनवर 'पेशंट झोपलाय' ऐकून ऐकून तिचा राग शिजत आला होता. ती उठली.

"माझी मुलगी कुठाय?"

"उम्म रदवा, बाळ सापडेपर्यंत जरा..."

"बाळाचं नाही विचारत. माझं बाळ कुठाय ते विचारतेय."



"ती तिच्या खोलीत आराम करतेय," इनायात म्हणाली.

"बघितलंत?"

कुणीच बघितलं नव्हतं. कवसरने खोलीचं दार ढकललं. पलंगाची चादर चारी कोपऱ्यांना खोचलेली, पलंग रिकामा.

घरात शोधाशोध चालली होती तोवर सोहैरला वाटत होतं, होईल काहीतरी, सापडेल. आता तिला एक गोष्ट आठवली. काल दुपारी रदवाने तिला सहज विचारलं होतं, "मावशी, गच्चीवर या दिवसांत वारा असतो का?" तिने उत्तर दिलं होतं, "असतो." नंतर चमचे मोजायला घेतले होते. तिच्या उभ्या नोकरीत तिने असे सहज विचारलेले प्रश्न ऐकले होते आणि त्यांतले काही सहज नव्हते.

"तुम्ही सगळ्या इथेच थांबा," ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता. इनायात काही बोलणार होती, पण धाकट्या बहिणीचा चेहरा बघून ती थांबली. असं याआधी कधी झालं नव्हतं.

*

जिन्याच्या वरच्या दाराशी सोहैर क्षणभर उभी राहिली. मग तिने दार लोटलं.

रदवा कबुतरांच्या खुराड्याला टेकून उलट्या खोक्यावर बसली होती, कठड्यापासून चांगली लांब. बाळ छातीशी, आणि तिच्या हनुवटीला मशब्बकचा पाक लागलेला. बाळ झोपलेलं होतं. कबुतरं घुमत होती.

सोहैर तिथेच जमिनीवर बसली.

"मावशी? काय झालं? तुम्ही रडताय?"

"मी नाही रडत." सोहैरने ओढणीने डोळे पुसले. "रदवा, एक विचारते. गोड गोड नाही विचारत, सरळ विचारते. तूही सरळ सांग. स्वतःला काही करून घ्यावं, किंवा बाळाला काही करावं, असं मनात येतं का?"

रदवाने विचार केला. खरोखर विचार केला, हे सोहैरला दिसलं.

"स्वतःला नाही," ती म्हणाली. "बाळाला तर नाहीच. पण तुम्हा तिघींना काहीतरी करावंसं वाटतं."

सोहैर हसली. मग रदवा हसली, आणि हसता हसता रडू लागली, आणि या वेळी तिने ते लपवलं नाही. "मला कळत नाही मावशी, सारखं रडू येतं. मला वाटलं तुम्हाला कळलं तर तुम्ही मला तिकडे न्याल. आणि हिला मी ओळखीची नाही. ही सगळ्यांकडे गप्प होते."

"आता मला दोन वाक्यं बोलू दे. बाळंतपणानंतर असं रडू अर्ध्याहून जास्त बायकांना येतं. तहानीला विचार, तिची मुलगी झाली तेव्हा ती बटाटा सोलताना रडायची आणि कांदा चिरताना हसायची. हे बहुतेकदा आपोआप ओसरतं. नाही ओसरलं, दोन आठवडे होऊनही राहिलं, किंवा बाळ झोपलेलं असतानाही तुझा डोळा लागेना, किंवा मनात काही भलतं येऊ लागलं, तर मला सांगायचं. तेव्हाही मी तुला कुठे नेऊन टाकणार नाही. डॉक्टरांकडे जाऊ, मी शेजारी बसेन. कळलं?"

"कळलं."

"झोपतेस का रात्री?"

"तुम्ही झोपू दिलं तर झोपेन. सासूबाई दर थोड्या वेळाने येऊन विचारतात, झोप लागली का."

खाली थांबण्याचा हुकूम सगळ्यांनी जेमतेम पाळला होता. दारातून आधी कवसर आली, मागून बासिम, मग पळीसकट तहानी, आणि सगळ्यात शेवटी, धापा टाकत, इनायात. कवसर सरळ मुलीपाशी गेली आणि काही न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

इनायातने श्वास सावरला, दोन्ही हात पुढे केले. "आण. गार वारा आहे. दे तिला."

रदवाने बाळ घट्ट धरलं. सोहैर उठली आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"ताई, नाही."

"बाजूला हो, सोहैर."

"तू हिची पाळी लावायची विसरलीस," सोहैर म्हणाली. "सगळ्यांची लावलीस. हिचीच विसरलीस."

इनायातने तहानीकडे बघितलं. तहानी बाळंतिणींच्या बाबतीत नेहमी तिच्या बाजूने असायची. तहानी पळीकडे बघू लागली. "बरोबर आहे ताई," ती पुटपुटली. "सारखं आपणच उचलतोय. आमच्या वॉर्डात तर मी आयांना ओरडते, बाळ आईजवळ ठेवा म्हणून. घरी कसं सुचलं नाही कोण जाणे."

इनायातचे हात अजून पुढेच होते. तिने बासिमकडे बघितलं. बासिमने सिगारेट पाठीमागे लपवली, पण तो रदवाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आपण एकट्या पडलो आहोत हे इनायातला कळलं आणि तिला फार वाईट वाटलं. रात्र-रात्र जागलो ते कशासाठी, असं तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिने सुनेचा चेहरा बघितला. सून तिला घाबरली होती. वॉर्डात पेशंट आपल्याला घाबरतात याचा तिला कधी अभिमान वाटला असेल, आज मात्र लाज वाटली.

तिने हात खाली घेतले. ओढणी नीट केली, ताठ उभी राहिली, आणि तिच्या वॉर्डात पाळी बदलताना बोलायची त्या आवाजात बोलू लागली.

"बाळ, मुलगी. आज सातवा दिवस. दूध नीट पिते, लघवी भरपूर, शी पिवळी. नाळ कोरडी पडलीय. डोळ्यांतला पिवळेपणा उतरतोय. रडते तेव्हा..." ती अडखळली. "रडते तेव्हा..."

"रडते तेव्हा तिच्या डाव्या कानामागे हळूच चोळायचं," रदवा म्हणाली. "आणि पोट दुखत असलं तर पाय वर घेते, तेव्हा नाही चालत. तेव्हा उभं धरायचं."

इनायातने मान हलवली, एखादी नवी नर्स बरोबर बोलली की हलवायची तशी.

"बाळ तुला दिलं," ती म्हणाली.

"घेतलं," रदवा म्हणाली.

*

खाली जाऊन बघतात तर चारही मेणबत्त्या विझलेल्या. शोधाच्या गडबडीत कुणीतरी खिडकी उघडली होती. बर्फातली मलक वाकून पडली होती आणि विजेच्या खांबाने वाऱ्यापुढे एवढासाही टिकाव धरला नव्हता.

"पुन्हा लावूया," तहानी म्हणाली.

"नको," रदवा म्हणाली. "गच्चीवर मी तिला बहीया म्हणत होते."

"बहीया?" बासिम म्हणाला. "हे तर आजीच्या काळातलं नाव."

"तुझी पाळी नाही," इनायात त्याला म्हणाली. 

सुबू शेवटी गच्चीवरच झाला, कारण रदवाला पुन्हा तिथेच जायचं होतं आणि पाहुण्यांना आता कुठलंही दार बंद झालेलं नको होतं. सात धान्यं उधळली ती निम्मी कबुतरांनी टिपली. बाळ चाळणीत, चाळण रदवाच्या पायांशी. ती रीतीप्रमाणे सात वेळा बाळावरून पलीकडे, अलीकडे ओलांडत होती आणि पाहुण्या मोठ्याने मोजत होत्या. सोहैर सवयीने चमचेही मोजत होती.

मग इनायात खलबत्ता घेऊन बाळाच्या कानाशी बसली. कवसरने दात आवळले. तहानीने सोहैरला कोपर मारलं. आता काय ऐकायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

इनायातने बत्ता उचलला आणि ठणकन मारला. बाळाने डोळे उघडले.

"बहीया," ती म्हणाली. "आईचं ऐक."

तिने पुन्हा मारला, आणि बराच वेळ विचार केला.

"आणि आजी बोलायला लागली," ती म्हणाली, "की झोपून जायचं."